रिकामी गाडी उसळते

"ह्या गावात माझं कोण आहे?" हे मी वर्षभर इतक्यांदा ऐकवलं की आमच्या ह्यांनी उत्तर देणंच सोडलं. राज्यांची फेररचना झाली, कचेऱ्या नागपूरहून भोपाळला हलल्या आणि सरकारी मोटारखात्यात फिटर असलेल्या नीळकंठरावांमागे मीही फरपटत आले. येताना ट्रकमध्ये सामानावर बसून हाडं खिळखिळी झाली, आणि इथे आल्यावर आठवड्याच्या आत सातव्या महिन्यातच पोटातलं बाळ गेलं. धक्क्यांनीच गेलं, असं माझ्या मनानं घेतलं ते घेतलंच.

आता पुन्हा दिवस गेले होते. आमच्या बराकीपासून जनाना दवाखाना लांब, रस्ता सगळा खडीचा. टांग्यात बसायला मी साफ नकार दिला. म्हणून ह्यांनी लिलावातून दोन जुन्या लष्करी पिकअप आणल्या. एकीचं इंजिन धडधाकट, पण मागच्या चाकांवरचे, धक्के झेलणारे पोलादी पाटे तुटलेले. दुसरीचे पाटे शाबूत, पण इंजिन मेलेलं. दुसरीचे काढून पहिलीला बसवायचे, एवढंच काम. पण दोघींच्या चासी, म्हणजे खालचे सांगाडे, वेगळे, भोकं जुळेनात. हे रोज संध्याकाळी गाडीखाली आणि मी दारात येरझारा घालतेय.

"आज होणार का?"

"होईल गं."

होईल होईल म्हणता दिवाळी गेली, संक्रांत आली, माझे दिवस भरत आले.

शेवटी एका सकाळी पाटे बसले. गाडी एक चक्कर मारून आली, तर मागे ठेवलेला माझा पितळी हंडा आपटून आपटून चेपलेला. ह्यांचं तोंड उतरलं. "पाटे जड मालाचे आहेत. रिकाम्या गाडीत वाकतच नाहीत. भार हवा."

"मग इतके दिवस मला कशाला झुलवलंत?" मी कडाडले, आणि तेवढ्यात अशी कळ आली की उंबऱ्यावरच बसले.

हे वाळूची पोती शोधायला धावले. शेजारच्या सुमित्राकाकू बाहेर आल्या. नळावरच्या भांडणापासून आम्ही एकमेकींचं तोंड पाहत नव्हतो.

"भारच हवा ना? मग पोती कशाला? मी काय कापसाची आहे?" असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि मागे चढल्या. पाठोपाठ पलीकडच्या खोलीतली शशिकला चढली, कचेरीतले काशिनाथभाऊजी चढले, बुरखा सावरत समोरच्या जुबेदाआपा चढल्या. त्यांचे धिप्पाड मियाँ भोपाळी बोलीत ओरडले, "को खाँ, हमें क्यों छोड़े जा रिये हो?" आणि तेही चढले.

हे रिकाम्या हातांनी परतले आणि गाडी चालवायला बसले. मधे गादीवर मी, डोकं सुमित्राकाकूंच्या मांडीवर. दर खड्ड्याला मी दात आवळून धक्क्याची वाट पाहिली. गाडी नुसती खाली दबायची आणि हळूच वर यायची.

दुपारी मुलगी झाली. टाहो फोडून रडली.

दाराबाहेर नर्सचा आवाज चढलेला ऐकू आला. "घरवाले रुकिए, बाकी सब जाइए!"

"कैसे जाएँगे?" सुमित्राकाकूंची हिंदी. "बच्ची को वापस भी नेना है. गाडी खाली रहेगी तो उसळेगी ना!"

"अभी आठ दिन यहीं रहेंगी."

"तो आठ दिन बाद फिर बैठेंगे."

कळा सोसताना आलं नव्हतं ते रडू मला तेव्हा आलं.