काळ्या बंपरची शर्यत

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो. अंगभर काळी, बंपरसुद्धा काळे. मला पाहून कोणी मान वळवत नाही. पण या अवतारावर जाऊ नका. मी शर्यतीसाठी जन्मले आहे, आणि तेही कुणा हौशी माणसाच्या गॅरेजात नव्हे, खुद्द डेट्रॉईटच्या कारखान्यात!

पाव मैलाचा सरळ रस्ता, दोन गाड्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं. जी आधी पोचली ती जिंकली. एवढ्याच कामासाठी कारखान्याने माझ्यासारख्या मूठभर गाड्या बनवल्या. वजन कमी व्हावं म्हणून पुढचे मडगार्ड अॅल्युमिनियमचे केले. रेडिओ नाही, हीटर नाही, मागची सीट नाही, पायाखाली गालिचा नाही. इंजिन मात्र असं खादाड, की त्याला दोन-दोन कार्बुरेटर बसवावे लागले.

तिथून यॉर्क गावच्या एका विक्रेत्याने मला आणलं आणि लेस्टर यिंगलिंग या तरुण मेकॅनिकच्या हाती दिलं. एक उन्हाळाभर आम्ही नुसता धुमाकूळ घातला. हिरवा दिवा लागला की माझी पुढची चाकं जमीन सोडायची. काय दिवस होते ते! मग विक्रेत्याने दुकान आवरलं. लेस्टर आजारी आईला भेटायला परगावी गेला होता, तेवढ्यात मला विकूनही टाकलं.

घेणारा होता एलाम नोल्ट, मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचा शेतकरी. त्याच्या पंथात झगमगाट वर्ज्य. गाडी काळीच हवी, आणि बंपरची चकाकीही काळ्या रंगाखाली झाकायची. विक्रेता त्याला म्हणाला, "हिच्यात रेडिओ नाही, गालिचा नाही, मिरवण्यासारखं काही म्हणजे काही नाही."

एलाम हरखला. "अरे वा! ही तर आमच्यासाठीच घडवलेली दिसते."

घ्या! मला काळा रंग फासला. पोरांसाठी मागे लाकडी बाक ठोकला. पेट्रोल फार पिते म्हणून एक कार्बुरेटर बंद केला. रविवारी प्रार्थनेला जायचं, एरवी बटाटे वाहायचे. मला रडू यायचं, मित्रांनो. पण खोटं कशाला बोलू? एलामने मला कधी गंजू दिलं नाही. माझ्या बहिणी शर्यतींत चेपल्या, हौशी लोकांनी त्यांना पट्टे मारले, भोकं पाडली, पार वाट लावली. मी मात्र धडधाकट राहिले.

तिकडे लेस्टर मला शोधत होता. हे मला पुढे त्याच्याच तोंडून कळलं. त्याने भंगारखाने पालथे घातले, कोठारं धुंडाळली. शर्यतीच्या मैदानावर रे कॅप नावाच्या माणसाची माझ्याच जातीची लालभडक गाडी होती. राज्यात अशी गाडी एकच, असं तो छाती ठोकून सांगायचा. "यॉर्कलाही एक आली होती, मी चालवलीय," असं लेस्टर म्हणाला की हशा पिकायचा.

"आला बघा थापाड्या लेस!" रे ओरडायचा.

लेस्टरजवळ फोटो नव्हता, पुरावा नव्हता. केस पिकले तरी नाव थापाड्याच. पुढे पुढे तर त्याचा स्वतःवरचाच विश्वास उडू लागला. ते सगळं खरंच घडलं होतं का, असं तो बायकोला, नॉर्माला, विचारायचा.

आणि एका रविवारी चौकात त्याने माझा आवाज ऐकला. उभ्या जागी आमचं इंजिन लंगडत गुरगुरतं, तसं दुसरं कुणी गुरगुरत नाही. आम्ही काळ्या गाड्या रांगेने प्रार्थनाघराकडे निघालो होतो. लेस्टरही मागोमाग वळला.

"चर्चला? तू?" शेजारी बसलेली नॉर्मा म्हणाली. "मला चिमटा काढ बघू."

आत प्रार्थना सुरू झाली आणि बाहेर हा पठ्ठ्या लोहचुंबक घेऊन एकेका गाडीचा मडगार्ड तपासू लागला. प्रत्येकीला चुंबक चिकटला. माझ्यावर ठेवला, तो टपकन खाली पडला; अॅल्युमिनियमला चुंबक कुठला चिकटायला! लेस्टर तिथेच खडीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मलाही भरून आलं हो!

प्रार्थना संपवून एलाम बाहेर आला. "काय हो, बरं वाटत नाही का?"

"ही शर्यतीची गाडी आहे," लेस्टर कसाबसा म्हणाला.

"शर्यतीची? देवा रे! अहो, मी हिच्यातून आमच्या पाळकांना नेतो!"

"मग वेळेवर पोचत असतील," नॉर्मा म्हणाली.

एलामला हसू आलं, पण त्याने ते दाबलं. लेस्टरने त्याला सगळी हकिकत सांगितली आणि हात जोडले. "फक्त एकदा न्यायला द्या. नाहीतर मी थापाड्या म्हणूनच मरेन."

एलाम हॅटची कड चाचपत म्हणाला, "शर्यत म्हणजे गर्व. तो आमच्यात बसत नाही. पण खऱ्या माणसाला जन्मभर खोटा म्हणायचं, हे तरी कुठे बसतं? शनिवारी न्या. रविवारी प्रार्थनेला परत पाहिजे. आणि रंगाला हात लावायचा नाही."

शनिवारी लेस्टरने माझा दुसरा कार्बुरेटर उघडला. किती वर्षांनी मी पोटभर श्वास घेतला! मैदानावर रे कॅप खदखदून हसला. "पाद्रीबुवा आले रे! टोप्या काढा!"

लेस्टरने चुंबक त्याच्या हातात दिला. रेने तो मडगार्डवर ठेवला. पडला. परत ठेवला. परत पडला. रेचं तोंड एवढंसं झालं. "मडगार्ड काय, कुठूनही आणून लावता येतो," तो म्हणाला. "पळवून दाखव!"

हिरवा दिवा लागला. लेस्टरने गियर टाकला आणि माझी पुढची चाकं उचलली, मित्रांनो, लाकडी बाकासकट उचलली! काळे बंपर घेऊन मी अशी सुटले, की लाल गाडी आधी बाजूला होती, मग मागे पडली, मग दिसेनाशी झाली. मी जिंकले! लोक बाकांवर चढून ओरडत होते.

रे पडेल चेहऱ्याने उतरला, पण गडी खरा निघाला. त्याने ध्वनिक्षेपक हातात घेतला. "ऐका सगळे! लेस्टर यिंगलिंग खरं बोलत होता. थापाड्या मी!"

लेस्टर स्टिअरिंग धरून तसाच बसून होता. नॉर्मा खिडकीतून वाकली. "रडतोस काय वेड्या? जिंकलास ना?"

"जिंकली ही," तो माझ्यावर हात फिरवत म्हणाला. "मी सुटलो, नॉर्मा."

तर मित्रांनो, जुन्या गाड्या जपा, त्यांना गंजू देऊ नका, एवढं मागणं आहेच. पण एखादा म्हातारा तुम्हांला न पटणारी आठवण सांगू लागला, तर हसू नका. त्याच्याबरोबर एकदा शोधायला जा.