आबांची वीत

आमच्या वाटूरच्या घरात स्वयंपाकघराच्या चौकटीवर खिळ्यानं ओढलेल्या दोन आडव्या रेघा आहेत. त्यांच्यामधलं अंतर बावीस सेंटिमीटर नऊ मिलिमीटर. मी तीन वेळा मोजलं आहे. ही माझ्या सासऱ्यांची, भिवाआबांची वीत. आबा गवंडी होते. आसपासची किती तरी घरं त्यांनी याच वितीनं बांधली, आणि ते गेल्यावरही ती सरळ उभी आहेत. त्यामुळे आमच्याकडे टेप वापरणं हा आबांचा अपमान समजला जातो. माझ्या पर्समध्ये एक टेप असतो. तो मी घरात बाहेर काढत नाही.

माझे यजमान धम्मपाल यांना ही वीत वारशानं मिळाली आहे. म्हणजे एक वीत बरोबर नऊ इंच, हे त्यांना पाठ आहे. पंजा मात्र ते आईचा घेऊन आले. तोही मी मोजला आहे, एका सकाळी तो पेपरवर ताणून पसरलेला असताना. एकोणीस सेंटिमीटर सात मिलिमीटर. ही नोंद मी नऊ वर्षं स्वतःपाशी ठेवली. संसारात सगळीच निरीक्षणं जाहीर करायची नसतात.

मी जालन्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. पहाटे सहाची एसटी, फाट्यापर्यंत पायी, संध्याकाळी तेच उलटं. रोजचे चार तास. त्या चार तासांत मला सेट परीक्षेचा अभ्यास करायचा आहे. म्हणून तीन वर्षं मी एकच म्हणते आहे, की जालन्यात खोली घेऊ. धम्मपाल कधी नाही म्हणत नाहीत. त्यांचे विचार फार पुढारलेले आहेत. ते 'बघू' म्हणतात, आणि फोनवरून काहीतरी मागवतात.

पहिल्यांदा विषय काढला तेव्हा अभ्यासासाठी घडीचं टेबल आलं. फोटोत त्याच्यामागे एक बाई प्रसन्न हसत बसली होती. ती जमिनीवर बसली होती हे आम्हाला खोका फोडल्यावर कळलं. आता त्यावर पापड वाळतात. दुसऱ्यांदा पुस्तकांचा रॅक आला. त्यात अकरा पुस्तकं बसली, तीही पातळ. तिसऱ्यांदा मला एकांत मिळावा म्हणून पडदा आला. तो खिडकीच्या निम्म्यावर येऊन थांबतो. चेहरा झाकतो, पाय दिसतात. घुंगट घेतल्यासारखा एकांत.

त्यावर त्यांना पतसंस्थेतल्या सहकाऱ्यांनी सल्ला दिला, की घेण्याआधी माप वाचत जा. हा सल्ला त्यांनी मोठ्या मनानं स्वीकारला. गेल्या आठवड्यात चौथं पार्सल, अभ्यासाचं मोठं टेबल, ठरलं तेव्हा त्यांनी लांबी, रुंदी, उंची आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवली. दोनदा. सासूबाईंनी मान डोलावली.

"एकशे पस्तीस सेंटिमीटर," ते म्हणाले. मग मधल्या खोलीत कोपरा ते स्वयंपाकघराचं दार, एवढीच मोकळी भिंत त्यांनी वितींनी मोजली. "सहा. सहा नवं चोपन्न इंच. म्हंजे एकशे सदतीस. बराबर बसून दोन सेंटिमीटर उरतेत! बघ मॅडम, आता घरातच बसून अभ्यास कर. मंग कशाला पाह्यजे जालना?"

आदल्याच दिवशी जालन्यात तारादेवींच्या घरावरची खोली पाहून आले होते. तारादेवी म्हणाल्या होत्या, "रविवारी पाच वाजेपर्यंत सांगा बेटा. मंग मी दुसऱ्याला देऊन टाकीन." हेही मी स्वतःपाशीच ठेवलं होतं.

टेबल रविवारीच आलं, साडेतीनला. टेम्पोवाल्या कल्याणनं ते अंगणात पाऊण तास बसून जोडलं. अस्सल, जड, सुरेख टेबल. मला ते पाहताक्षणी आवडलं, हे कबूल करायला हवं. मग दोघांनी ते उचलून भिंतीशी लावलं.

लावलं म्हणजे ठेवलं. भिंत संपली, टेबल चालूच राहिलं. स्वयंपाकघराचं दार साठ सेंटिमीटरचं. त्यातले सतरा टेबलानं घेतले. सासूबाई आत चहा करत होत्या. त्यांची रुंदी मी इथं देत नाही.

"अरे धम्मा, मी भाईर कशी येऊ?" आतून आवाज आला.

"आडवी व्हय जरा, माय."

"आडवी झाले तर हितूनच मसणात न्यावं लागंल मला!"

कल्याण खाली बघून हसला. "भाऊ, भिंत मोजली न्हवती का?"

"मोजल्ती की! आबांच्या वितीनं मोजली. ह्या कंपनीनंच माप खोटं लिव्हलं. आत्ताच्या आत्ता वापस ने."

"जोडलेला माल वापस जात न्हाई. लिव्हलंय तिथं. मापाच्या खालीच."

मापाखालचं वाचायचा सल्ला कुणी दिला नव्हता.

मग उपाय निघू लागले. धम्मपाल म्हणाले, टेबल सतरा सेंटिमीटर कापू. कल्याण म्हणाला, कापलं की पाय एका बाजूनं जातील. धम्मपाल म्हणाले, मग दार सरकवू. आतून चतुराबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कडाडल्या, "आबाच्या चौकटीला हात लावशील तर बघ!"

घड्याळात पावणेपाच झाले होते. मी पर्समधून टेप काढला आणि टेबल मोजलं. एकशे पस्तीस. भिंत मोजली. एकशे अठरा.

"ह्यो टेप कुणाचा?" सासूबाईंनी फटीतून विचारलं.

"माझा, आत्या. कंपनीनं खरं लिहिलंय. भिंतच लहान आहे."

"आबाची वीत चुकंल?" धम्मपाल लाल झाले.

"आबांची नाही चुकली."

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा टेपाकडे. मग फटीतून बोट काढून चौकटीवर ठेवलं. "धम्मा, हात लाव हितं."

"माय, आता काय खेळ करून राह्यली तू?"

"लाव म्हणते ना!"

धम्मपालांनी अंगठा खालच्या रेघेवर टेकवला आणि पंजा ताणला. करंगळी वरच्या रेघेपर्यंत पोचली नाही. त्यांनी आणखी ताणलं. कल्याणनं माणुसकी म्हणून बाहेर टेम्पोकडे बघितलं. रेघ आणि करंगळी यांच्यात दोन बोटं अंतर राहिलं. तीन सेंटिमीटर दोन मिलिमीटर, पण ते मी बोलले नाही.

"माझ्यावर गेलाय हात," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मला वाटलं, तुला ठावं आसंल."

धम्मपालांनी हात खाली घेतला आणि खिशात घातला. दुसरा हात टेबलाच्या कडेवरून फिरवला. मला त्यांची दया आली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्यासाठी खरंच चांगली वस्तू आणली होती.

"मंग आता हे ठिवायचं कुठं?" ते म्हणाले. या वेळी ते 'बघू' म्हणाले नाहीत.

कल्याणनं टेम्पोची किल्ली हातात घेतली होती. पाचाला सहा मिनिटं होती.

"थांबा, कल्याणभाऊ," फोनवर तारादेवींचा नंबर लावता लावता मी म्हणाले. "हे टेबल जालन्याला न्यायचं आहे. तारादेवींच्या घरी, वरच्या खोलीत. तिथली भिंत एकशे बासष्ट आहे, मी मोजून आले आहे. एक तारखेपासून मी तिथं राहणार."