खरे साठ किलो

मन्मथ हलकुडेनं सगळे मिळून पाच पट्टे जिंकले. हैदराबाद झालं, बंगळूर झालं, मुंबईत तर दोनदा जिंकला. पण लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, कुणालाही विचारा, गडी त्या पट्ट्यांचं नाव काढायचा नाही. तो सांगणार साठ किलोची गोष्ट, आणि तीही मन्मथची नाही, त्याच्या बापाची. आता बापानं काय बुक्क्या मारल्या होत्या का? छे! शिवप्पानं उभ्या जन्मात कुणावर हात उगारला नव्हता. तरी त्या दिवशीची निम्मी लढत त्याचीच होती, हे मोंढ्यातलं शेंबडं पोरगंही सांगंल.

शिवप्पाचं भुसार मालाचं दुकान. कपाळाला विभूती, अंगात पांढरी बंडी आणि जिभेला कायमची धार. गिऱ्हाइकानं दुसऱ्यांदा भाव विचारला की हा खेकसलाच समजा. माणूस तुसडा, पण तराजू चोख. बहात्तरच्या दुष्काळात त्याच्याकडं रेशनचं दुकान होतं. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडून आलेल्या बाया लाल मिलो ज्वारीसाठी दारात रांग लावायच्या. त्या साली दांडी मारणारे लई निघाले, आणि कुणाकुणाच्या माड्या त्याच साली चढल्या. शिवप्पाच्या पारड्यातून मात्र कुणाला मूठभरही कमी गेलं नाही. "मापात पाप केलं तर सात पिढ्या फिटत न्हाई," एवढं म्हणायचा आणि पुढच्या बाईवर खेकसायचा. बायाही हसून घ्यायच्या, कारण पदरात पडलेलं धान्य पुरं असायचं.

अशा माणसाच्या पोटी बुक्केबाज जन्मला, बोला! पोराला नांदेडला कॉमर्स शिकायला धाडलं होतं. तिथं देगलूरकडचे नरसिंग हवालदार फौजेतून निवृत्त होऊन पोरांना बॉक्सिंग शिकवत होते. दिवाळीला मन्मथ घरी आला तो एक डोळा सुजवून. शिवप्पा भडकला. "गादीवर बसायचं सोडून लोकाची थोबाडं फोडून राहिलास व्हय रं?" सहा महिने बापलेकांत बोलणं नाही. मग राज्य स्पर्धेत सोन्याचं पदक आलं, पेपरात फोटो छापून आला. "फोटो काई धड न्हाई आला," असं शिवप्पा म्हणाला खरा, पण दुपारपर्यंत तो पेपर मोंढ्यातल्या वीस दुकानांत फिरवून आला होता. पुढच्या साली देशातलं सोनं आलं. तेव्हा मात्र नरसिंग हवालदारांनी सांगून टाकलं, हौशी खेळात जिंकायचं होतं ते जिंकून झालं, आता पोरगं धंदेवाईक लढतीत उतरणार. तिथं पदक नसतं, कमरेचा पट्टा असतो. हैदराबादला पहिला, छोटा पट्टा मन्मथनं चौथ्या राऊंडलाच मारला.

मग आली दख्खनच्या पट्ट्याची लढत. हुबळीचा विरूपाक्ष तीन वर्षं तो पट्टा कमरेला बांधून होता, आणि त्याला आव्हान द्यायला मन्मथ उभा राहिला. जागा ठरली लातूर. लातूर जिल्हा होऊन चौथं साल लागलेलं. उस्मानाबादच्या पदराखालून सुटल्यापासून लातूरकरांची मान ताठ झाली होती, आणि आता जिल्ह्याचा पहिला मोठा पट्टा घरात यायचा होता. पावसानं दोन वर्षं पाठ फिरवलेली, टँकरपुढं घागरींची भांडणं चाललेली, तरी मैदानावर मांडव पडला. शिवप्पाला रात्र रात्र डोळ्याला डोळा लागेना. तोंडानं कबूल करत नव्हता, पण लेकाच्या कमरेला तो पट्टा बघायला मिळावा, एवढी एकच आस त्याला लागली होती.

लढत साठ किलोची. सकाळी वजन, संध्याकाळी लढत. साठाच्या वर गुंजभर भरलं तर दोन तासांची मुदत, तेवढ्यात उतरलं नाही तर पट्टा विसरायचा. नरसिंगनं महिनाभर पोराला तोलून-मापून खाऊ घातलं होतं. पण आदल्या रात्री मन्मथ घरी जेवला. आईनं, सिद्धम्मानं, गहू-गुळाची हुग्गी केलेली. "लेकरू उपाशीपोटी मार खायाला धाडू का?" म्हणत तिनं तीन वाट्या वाढल्या, वर तूप. आईला नाही म्हणायची छाती विरूपाक्षाला पाडणाऱ्यालाही नसते.

सकाळी दुकानातल्या मोठ्या तराजूच्या एका पारड्यात मन्मथ बसला. दुसऱ्यात शिवप्पानं वीस-वीस किलोची तीन वजनं ठेवली. पोराचं पारडं खाली गेलं. बापानं एकेक लहान वजन टाकत नेलं, तेव्हा काटा मधोमध आला. साठ किलो तीनशे ग्रॅम.

"घात झाला गं बाई, माझ्या हुग्गीनं घात केला," सिद्धम्मानं कपाळाला हात लावला. नरसिंगनं पोराला पाण्याचा थेंब घेऊ दिला नाही. अर्धा तास जागच्या जागी उड्या मारायला लावल्या आणि देवाचं नाव घेत सगळे मांडवाकडं निघाले.

मांडवात संयोजकांनी कुठल्याशा गिरणीतून गोण्या तोलायचा काटा उसना आणून ठेवला होता. आधी विरूपाक्ष चढला. एकोणसाठ किलो पाचशे. मग मन्मथ डोळे मिटून चढला. पंचानं वाकून आकडा वाचला. "साठ! बरोब्बर साठ!"

मांडवात एकच गलका झाला. हमालांचा मुकादम ग्यानोबा हातभर उडाला. मन्मथनं डोळे उघडून बापाकडं बघितलं आणि लहानपणी हसायचा तसा हसला. शिवप्पाला हसू आलं नाही. चाळीस वर्षं तराजू धरलेला माणूस तो. अर्ध्या तासाच्या उड्यांत शंभर ग्रॅमही जात नाहीत, हे त्याला चांगलं कळत होतं. काटा कमी दाखवत होता.

नरसिंगलाही ते उमगलं असावं. तो कानाशी लागला. "शेठ, चूप बसा. देवानं दिलं, घ्यायचं."

आणि शिवप्पा गप्प बसला. खोटं कशाला सांगू, बसला! कुणाला कळणार आहे? काटा आपण थोडाच बिघडवला? त्यानं उपरणं खांद्यावर टाकलं आणि घराची वाट धरली. तीन पावलं चालला असेल, तोच विरूपाक्षचा मामा आडवा आला. धोतर नेसलेला, विभूती लावलेला म्हातारा. त्यानं हात जोडले.

"शरणार्थ शिवप्पाण्णा. काटा तपासून घ्यायचा म्हणत होतो मी. पर इथले लोक म्हणाले, ते बघा, शिवप्पा जवळ उभे हायत. मग म्हटलं, तपासायचं काम न्हाई."

लोकांचा विश्वास एवढा वाढून ठेवला असेल, तर माणसानं खोटं पचवायचं तरी कसं? शिवप्पानं एकदा लेकाकडं बघितलं. मन्मथ सदरा घालत होता, ग्यानोबाशी काहीतरी हसून बोलत होता. आणि शिवप्पा नेहमीसारखा खेकसला.

"थांबा! हा काटा खोटा हाय. तीनशे ग्रॅम कमी दाखवून राहिला."

ग्यानोबानं दुकानातून ती वीस-वीसची सरकारी छाप मारलेली वजनं आणली. तिन्ही काट्यावर चढली. पंचानं आकडा वाचला, आणि त्याचा आवाज खाली आला. एकोणसाठ किलो सातशे.

म्हणजे विरूपाक्ष खरा एकोणसाठ आठशे, साठाच्या आत. बाहेर फेकला गेला तो एकटा मन्मथ.

मन्मथ बापासमोर येऊन उभा राहिला. "आप्पा, तुमी माझे बाप हाईत का त्याचे?" एवढंच बोलला आणि वळला.

दोन तास होते. मे महिन्याचं ऊन आणि अंगावर जाड घोंगडी. नरसिंगनं मन्मथला मोंढ्यात पळवलं. पळून झालं की ग्यानोबा त्याच्या पाठीवर अर्धं पोतं द्यायचा, आणि या शेडमधून त्या शेडमध्ये न्यायला लावायचा. हमाल कामं टाकून त्याच्या बरोबर पळत होते. "पळ रे वाघा! अजून एक फेरा!" टँकरच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "गावात घागरीला पाणी न्हाई, आन् हे बेणं घामानं रस्ता भिजवून राहिलं!" सगळे हसले, मन्मथ सोडून. शिवप्पा छत्री मिटून तसाच उन्हात उभा होता. लेकराच्या जिवाला आग लागलेली असताना आपण सावलीत बसावं, हे त्याच्यानं होईना. मन्मथ वीसदा समोरून गेला, पण एकदाही मान वळवली नाही.

मुदत संपायला पाच मिनिटं असताना मोठा तराजू मांडवात टांगला गेला. शिवप्पानं त्याला हात लावला नाही. "मामा, तुमीच धरा," तो विरूपाक्षच्या मामाला म्हणाला. एका पारड्यात तिन्ही वजनं, दुसऱ्यात मन्मथ, गुडघे पोटाशी घेऊन. दांडी हलली, डुलली, आणि काटा मधोमध येऊन थांबला.

"साठ," मामा म्हणाला.

"खरे साठ!" ग्यानोबा ओरडला, आणि मांडव दणाणला.

संध्याकाळी चार हजार माणूस जमलं. आठ राऊंडची लढत, आणि पहिल्या तिन्हींत मन्मथचे पाय लटपटत होते. दुपारी पेज आणि लिंबू-मिठाचं पाणी पोटात गेलं होतं, पण वाळवलेलं अंग इतक्या लवकर कुठलं भरायला! विरूपाक्ष त्याला दोरांवर दाबून बरगड्यांत बुक्क्या घालत होता. तिसऱ्यात मन्मथ गुडघ्यावर आला. सिद्धम्मानं पदर डोळ्यांवर ओढला. शिवप्पा बाकाची कड धरून बसला होता. मीच माझ्या लेकराला पाडलं, दुसरं काही त्याच्या मनात येत नव्हतं.

तेवढ्यात मागून हमालांनी सुरुवात केली. "खरे साठ! खरे साठ!" बघता बघता सगळ्या मांडवानं ते उचललं. मन्मथ आठच्या मोजणीला उठला. चौथ्यात तो टिकला. पाचव्यात त्याचा डावा हात चालायला लागला. सहाव्यात विरूपाक्ष पहिल्यांदा मागं सरकला, तशी बाया-माणसं बाकांवर चढली. आणि सातव्यात, काय सांगू, पोरानं डावा बरगडीत दिला, विरूपाक्षचा हात खाली आला, आणि तेवढ्या फटीतून उजवा असा घातला की हुबळीचा गडी सपशेल आडवा. पंच मोजत होता आणि लातूर जिल्हा त्याच्याबरोबर मोजत होता. आठ, नऊ, दहा!

टोप्या उडाल्या, हलग्या कडाडल्या. खुद्द विरूपाक्षच्या मामानं मन्मथचा हात वर धरला. "पट्टा चोरीला न्हाई गेला," तो भोंग्यावरून म्हणाला, "मोजून दिला." चार हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या, हरलेल्या विरूपाक्षनंही वाजवल्या.

लोक मन्मथला खांद्यावर घ्यायला धावले. तो त्यांना बाजूला सारत खाली उतरला, कमरेला पट्टा, एक डोळा बंद. शिवप्पा उठून उभा राहिला. आता पोरगं चार लोकांत काय बोलंल ते ऐकून घ्यायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. सकाळपासून जुळवलेले शब्द त्यानं तोंडाशी आणले. "मन्मथ, मी बोललो नसतो तर..."

"आप्पा," मन्मथनं त्याच्या खांद्यावर हात टाकला, सगळा भार टाकला, "लई भूक लागली. चला घरी."

शिवप्पा चारचौघांत कधी रडला नव्हता. त्या संध्याकाळी चार हजारांत रडला, आणि वाट द्यायला म्हणून लोकांवर खेकसत लेकाला घेऊन घराकडं निघाला.