पेटलेला बल्ब

यास्मिनचा हा तिसरा आणि शेवटचा वार्षिक पाठ होता. बी.एड.च्या शेवटी शाळेतल्या खऱ्या वर्गावर, परीक्षकासमोर घ्यायचा तो पाठ. आधी दोनदा ती नापास झाली होती आणि दोन्ही वेळा शेरा एकच, 'वर्गावर नियंत्रण नाही.' आताही नापास झाली तर मुदतच संपणार होती. मग चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडत बसायचं, जन्मभर. सहा वर्षं तिने तेच केलं होतं, आणि दुसऱ्या शिफ्टला जाता जाता कसंबसं कॉलेज रेटलं होतं. तिला शिक्षिकाच व्हायचं होतं.

कॉलेजही मोठं गमतीचं. विज्ञान कसं शिकवावं ते शिकवायचं, पण प्रयोगशाळेला बारमाही कुलूप, का तर काचसामान फुटतं! तिथले दादासाहेब सर तिचे मार्गदर्शक. माणूस मायाळू, पण परीक्षकांचा भारी धसका घेतलेला.

"हे बघ यास्मिन," ते म्हणाले, "आदल्या दिवशी मुलांकडून पाठ बसवून घे. कुठल्या प्रश्नाला काय उत्तर, सगळं तोंडपाठ पाहिजे. अगं, सगळेच करतात."

सगळेच करत होते. म्हणून बुधवारी तळवड्याच्या शाळेत सातवीची तालीम झाली. दोन सेल, एक बल्ब, एक बटण. बटण दाबून बाईंनी विचारायचं, "काय झालं?" आणि वर्गाने एका सुरात म्हणायचं, "बल्ब पेटला!" यास्मिनचं समाधानच होईना. करता करता अकरा वेळा तालीम झाली. मग पोरंच आळीपाळीने पुढे येऊन बल्ब पेटवायला लागली, तेव्हा तिने त्यांना आवरलं नाही. अख्ख्या महिन्यात तिला वर्गात इतकी मजा आली नव्हती. घंटा झाली तसं घाईघाईत सगळं जोडलेलंच खोक्यात भरलं.

गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे शेजारची वर्कशॉपं गप्प होती. परीक्षक मागच्या बाकावर बसले. हातात तिचं पाठाचं टाचण, त्यात मिनिटामिनिटाचा हिशेब. यास्मिनने प्रस्तावना केली, फळ्यावर आकृती काढली आणि बटण दाबलं.

बल्ब पेटला नाही.

"काय झालं?" सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं.

"बल्ब पेटला!" वर्ग दणक्यात ओरडला.

यास्मिनचे वायरींत हात मुरलेले, त्यामुळे तिला काय झालं ते तिथल्या तिथे कळलं. जोडणी ठीक होती, पण खोक्यात बटण रात्रभर दाबलेलंच राहिलं होतं आणि सेल संपले होते. 'अरे, पेटला नाही! का बरं?' एवढं विचारलं असतं तरी पोरांनी टेबलाला गराडा घातला असता, आणि तो तिच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला पाठ झाला असता. पण गराडा म्हणजे गोंधळ, आणि गोंधळाला टाचणात जागा नव्हती. तिला रडू येत होतं. तिने खडू हातात घट्ट धरला.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची दिव्या उभी राहिली. बुधवारी ती गैरहजर होती.

"बाई, न्हाई पेटला."

परीक्षकांनी टाचणातून मान वर केली.

"पेटलाय, दिव्या," यास्मिन म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "नीट बघ."

वर्ग खिदळला. दिव्याने पुढे वाकून डोळे बारीक केले, चोळले, पुन्हा पाहिलं. मग मागे वळून सगळ्या हसऱ्या चेहऱ्यांकडे पाहिलं.

"व्हय बाई," ती म्हणाली आणि खाली बसली.

पाठ मिनिटाबरहुकूम संपला. परीक्षकांनी बल्बकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "वर्ग छान हातात ठेवलात. यंदा सुटलात तुम्ही," असं म्हणून ते मागच्या बाकावरच गुणपत्रिका भरायला बसले. यास्मिनला आनंद व्हायला हवा होता. तिने वायरी सोडवायला घेतल्या.

दिव्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"बाई, समद्यांना दिसला, मलाच न्हाई दिसला," ती हळूच म्हणाली. "माझे डोळे गेले का वो? आईला सांगू का दवाखान्यात न्यायला?"

यास्मिनने मागच्या बाकाकडे पाहिलं. सही अजून व्हायची होती.

"सांग," ती म्हणाली. "तपासून घे एकदा."