एक मत जास्त

शेअर चढत होता तेव्हा कंपनीने रिसेप्शनच्या भिंतीवर भलामोठा स्क्रीन लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला भाव दिसावा, आणि तोही हिरवागार. पुढे भाव उतरायला लागला तशी कुणीतरी स्क्रीनपुढे एक कुंडी आणून ठेवली. भाव जसजसा खाली, तसतशा कुंड्या वाढत गेल्या. आता तिथं छोटंसं जंगल आहे आणि पानं बाजूला सारून भाव बघणारे आम्ही.

आमच्या पगाराचा एक हिस्सा शेअरमध्ये मिळतो. म्हणजे कमवायचं आपणच आणि ते पडताना बघायचंही आपणच, अशी सोय. मोठे साहेब मात्र दर सभेत सांगायचे, "हे आपलं घर आहे. घरातली भांडी कुणी विकतं का? धरून ठेवा." आम्ही धरून ठेवले. मी हिशेबखात्यात असून धरून ठेवले, यावरून बाकीच्यांचं काय झालं असेल ते समजा.

मग गेल्या आठवड्यात बातमी फुटली की वरच्या मंडळींपैकी कुणीतरी आपले शेअर गुपचूप विकून मोकळं झालंय. नेमकं कोण, ते मात्र बातमीत नव्हतं. त्यामुळे कालच्या सभेला सभागृह असं भरलं की आजारपणाच्या रजेवरची माणसंही ठणठणीत होऊन आली.

आमच्या सभेची एक रीत आहे. फोनवरून प्रश्न लिहायचा, नाव न देता. इतरांना पटला तर ते मत देतात. मतं वाढली की प्रश्न पडद्यावर वर सरकतो आणि साहेब सगळ्यात वरच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतात. याला आम्ही फळा म्हणतो. दरवेळी सगळ्यात वर असायचं, "साहेब, आपल्या यशाचं रहस्य काय?" हा प्रश्न साहेबांचा मदतनीस लिहायचा, हे जगजाहीर होतं. साहेबांच्या मागे-मागे असतो म्हणून त्याला सगळे सावली म्हणतात.

काल रहस्याच्या खाली एक नवा प्रश्न उगवला. "आम्हाला धरून ठेवायला सांगितलंत. तुम्ही स्वतः किती विकले?"

आणि त्याखाली ठसठशीत नाव, फोटोसकट. शंकासुराचं!

शंकासुर म्हणजे आमच्याकडचा चाचणीवाला. प्रोग्राम बाहेर जाण्याआधी त्यातल्या चुका काढणं हे त्याचं काम. हॉटेलात गेला तरी आधी मेन्यूकार्डातल्या चुका काढतो. तो माझ्या डाव्या हाताला बसला होता आणि त्याच्या पलीकडे त्याची बायको. ती मनुष्यबळ विभागात आहे आणि अख्ख्या कंपनीची वहिनी आहे.

"अरे, तुझं नाव दिसतंय!" मी त्याला कोपराने ढोसलं.

"शक्यच नाही. तो फळा मी स्वतः तपासलाय."

"म्हणूनच दिसतंय!"

खरंच तसं होतं. फळा तपासताना पठ्ठ्याने स्वतःच्या खात्यात 'नाव दाखवा'वर टिक केली होती आणि काढायला विसरला होता.

"काढून टाक तो प्रश्न. आत्ताच्या आत्ता." वहिनी.

"काढला तर घाबरलो असं दिसेल."

"आणि तुलाच काढलं तर? ते पत्र मलाच टाइप करावं लागेल, कळतंय? 'आपल्या सेवेबद्दल आभार', खाली माझी सही! रात्री जेवायला वाढू कुठल्या तोंडाने?"

शंकासुराचं बोट 'काढा'वर गेलं. पण दाबलं नाही, कारण पडद्यावर मतं धावायला लागली होती. पन्नास. नव्वद. दीडशे. मागच्या रांगांतून सामना बघितल्यासारखी आरोळी उठली, "गेलं! रहस्य गेलं खाली!"

साहेब मंचावर आले, पडद्याकडे पाहिलं आणि सराईतपणे दुसऱ्या प्रश्नाकडे वळले. "यशाचं असं आहे की…"

"वरचा! वरचा!" सभागृह गरजलं.

तेवढ्यात सावली खाली उतरला, वाकत-वाकत वहिनीपाशी आला. "मॅडम, यांची फाईल सभा संपायच्या आत वर द्या." 'यांची' म्हणताना बोट थेट तिच्या नवऱ्याकडे. दोघांचं नातं त्याच्या गावीही नव्हतं.

तो गेला. वहिनीने आपला फोन उघडला. मग म्हणाली, "ते नाव दाखवायचं बटण कुठंय?"

"वर उजवीकडे, तीन टिंबं. पण तू कशाला…"

"तू गप्प बस. सापडली टिंबं."

तिने मत दिलं आणि प्रश्नाखाली तिचं नाव उमटलं. मागून कुणी विचारलं, "वहिनी, टिंबं कुठं म्हणालात?" तिने सांगितलं, त्याने पुढच्याला सांगितलं, आणि बघता बघता नावांची रांग पडद्याबाहेर गेली. मीही टिक केली. आधी शेजारच्या दोघांनी केलीय याची खात्री करून घेतली, एवढंच.

वहिनी उभी राहिली. "साहेब, आत्ता फाईल मागितली गेली. कुणाकुणाची काढू?"

असा हशा पिकला की माइक किंचाळला.

साहेबांनी सावलीकडे पाहिलं, पाणी प्यायले, आणि मंचाच्या कडेला पाय सोडून चक्क बसले. "फाईल राहू द्या. कुणाचीच नको. सगळ्यांसमोर सांगतोय, विचारणाऱ्याच्या केसालाही धक्का लागणार नाही." मग म्हणाले, "निम्मे विकले. भांड्यांचं बोललो त्याच महिन्यात."

एवढी वाईट बातमी, पण शिट्ट्या काय, टाळ्या काय! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणी आम्हाला खरा आकडा दिला होता. माणसं एकमेकांना टाळ्या देत होती, "मी म्हणलं नव्हतं? म्हणलं नव्हतं मी?" वहिनीने नवऱ्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला, आणि मग तोच हात तिथंच ठेवला.

आणि हा बाबा उठून उभा राहिला. आता हा काहीतरी जळजळीत बोलणार.

"साहेब, मतं आणि नावं जुळत नाहीत. एक मत जास्त आहे."

"अरे, बस की खाली!" वहिनी.

"नाही, कुणीतरी मत दिलंय आणि टिक केलेली नाही."

सगळ्या माना वळायला लागल्या. जो तो आपला फोन उंच करून दाखवू लागला, मी नाही, मी नाही. मंचाच्या कोपऱ्यात सावली एकटाच खाली मान घालून उभा होता. शेअर त्यालाही मिळालेच होते की. त्याने हळूच खिशातून फोन काढला, साहेबांकडे एकदा पाहिलं, आणि त्याचा अंगठा वर सरकला. उजवीकडे, तीन टिंबांकडे.