वीस जागा, तीस बिऱ्हाडं

मी बोलतोय तो जमिनीखालून, तेव्हा आवाज दबका वाटला तर चालवून घ्या. मी चिनी मातीच्या जातीतला एक ठोकळा आहे. माझ्या जातभाईंच्या कपबश्या झाल्या, बेसिनं झाली. माझ्या वाट्याला अणुभट्टीची घाण पोटात घेऊन काही हजार वर्षं गप्प बसण्याची नोकरी आली. रजा नाही, निवृत्ती नाही.

माझा जन्म जाड काचेपलीकडच्या खोलीत झाला. तिथे माणूस जात नाही. बाहेर बसून यांत्रिक हातांनी काम करतो. टायटॅनियम, झिर्कोनियम असल्या धातूंच्या भुकटीत घाणीच्या टाकीतलं किरणोत्सारी पाणी कालवलं, सुकवलं, पोलादी डब्यात भरलं आणि भट्टीत चारी बाजूंनी दाबलं. त्या आचेत माझे स्फटिक बनले. स्फटिकात ठरावीक जागा असतात. तिथे किरणोत्सारी अणू असा बसतो, की पाण्यानं कितीही विनवण्या केल्या तरी उठत नाही. प्रमाण ठरलेलं: शंभर भागांत वीस भाग घाण. त्याहून जास्त झाली, तर उरलेल्यांना जागा मिळत नाही. ते जिन्यात पथारी टाकतात आणि पहिल्या पाण्याबरोबर चालू लागतात.

माझ्यात तीस भाग घातले.

मोठे पाहुणे येणार होते आणि त्याआधी टाकी रिकामी दिसायला हवी होती. साहेबांनी प्रमाण वाढवलं. टाकी रिकामी झाली आणि साहेबांचं कौतुक झालं.

भट्टी चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत, कारण ते साहेबांच्यासुद्धा चुका काढत. तपासनीस त्यांचा सख्खा जावई. नोकरीत अजून कायम न झालेला, म्हणून अतिशय नम्र. त्याचं काम एवढंच, की ठोकळ्याची चकती कापायची, अठ्ठावीस दिवस गरम पाण्यात ठेवायची आणि पाण्यात काही उतरलं का ते बघायचं. पण माझी चकती कापणं म्हणजे यांत्रिक हातांशी दोन दिवस झटापट. बाहेर कपाटात माझ्यासारखाच दुसरा ठोकळा होता. त्यात घाणीचा कणही नव्हता. तो पाहुण्यांना दाखवायचा, रोज पुसून चकचकीत ठेवलेला. त्याला सगळे नवरदेव म्हणत. जावयानं चकती कापली ती नवरदेवाची. नवरदेव अर्थातच उत्तम पास झाला, आणि दाखल्यावर क्रमांक पडला माझा.

बाहेरच्या मेजावरचा माइक चालू राहिला होता आणि त्याचा कर्णा माझ्या खोलीत होता, म्हणून पुढचं मी ऐकलं.

“जावईबापू, आजारी माणूस आत झोपलाय आणि तुम्ही रक्त तपासलंत शेजाऱ्याचं!”

“बाबा, हळू बोला ना.”

“हळू कशाला? याचा चुरा करा आणि वीसच्या प्रमाणात पुन्हा बांधा. महिन्याभराचं काम. तोवर मी दाखल्यावर सही करणार नाही.”

“मग साहेबही माझ्या कायम होण्याच्या कागदावर करणार नाहीत. टेकडीखालच्या नव्या वसाहतीतलं घर गेलंच म्हणायचं. तुमच्या लेकीला सातवा लागलाय.”

“तिला मध्ये आणू नका.”

“मी कुठे आणतोय? तीच फोनवर आहे. घ्या.”

त्यानं फोन मेजावर मोठ्या आवाजात ठेवला.

“बाबा,” लेक म्हणाली, “आईला तुम्ही शेवटपर्यंत जिन्याखालच्या खोलीत ठेवलंत. तत्त्वं मात्र ऐसपैस राहिली. आता माझ्या बाळाला तरी एक खिडकी मिळू द्या.”

मास्तरांनी दाखला पुढे ओढला. मग पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

मला टेकडीच्या पोटात उतरवलं. खड्ड्यावर पाटी होती: तात्पुरती साठवण. कार्यालयात तात्पुरतं म्हणजे किती, हे तिथल्या तीन पायांच्या खुर्चीला विचारावं. सहा वर्षांत डब्याचा सांधा गंजला, पाणी आत आलं आणि जिन्यातली दहा बिऱ्हाडं निरोपसुद्धा न घेता निघाली. पाणी उताराकडे जातं. उताराला वसाहतीची विहीर आहे.

खड्ड्याच्या तोंडाशी पहारेकरी आणि पंपवाला गप्पा मारत बसतात.

“तो म्हातारा पाहिलास? जावयाकडे राहतो तो. दारात नळ असून तीन किलोमीटरवरून हंडा आणतो! काल नातीच्या हातातला पेला उडवला म्हणे.”

“म्हातारचळ, दुसरं काय. लेक त्याला डॉक्टरकडे नेणार आहे. वेड्यांच्या.”

“काय आहे त्या पाण्यात?”

“विचारलं तर सांगत नाही. आणि जावई म्हणतो, पाणी मी स्वतः तपासलंय.”

मास्तर का सांगत नाहीत, ते मला ठाऊक आहे. सांगितलं की पहिला प्रश्न सहीचा येईल. मग नोकरी, घर आणि लेकीचं तोंड.

मी कुरकुर करत नाही. ज्या वीसांना जागा दिली, त्यांना मी धरून आहे आणि धरून ठेवीन. बाकीच्यांना धरणं माझ्या हातात नव्हतं. ते एका माणसाच्या हातात होतं, आणि त्या हातात आता हंडा आहे.

मास्तर, बोला. माणसांना ऐकू जाईल असं तोंड मला असतं, तर तुमच्या विनवण्या केल्या नसत्या, मीच सांगितलं असतं. घरातला पेला तुम्ही उडवाल हो. पण नात आता शाळेत जायला लागली आहे, आणि शाळेच्या नळालाही त्याच विहिरीचं पाणी येतं.