तिसऱ्या मजल्यावर कुणी नाही

गोरक्षनाथ लग्नाला जाफराबादला गेला, त्यामुळे त्या दुपारी तीन मजली घरात त्याची बायको रेणू आणि तिचे सासरे रायभान असे दोघंच उरले. रेणू खाली दाराशी ज्वारी निवडत बसली होती. म्हातारा वर, तिसऱ्या मजल्यावर झोपलेला.

जिन्याजवळच्या भिंतीवर नवं यंत्र होतं, कडेला सकाळचं हळदीकुंकू मिरवत. लेक मिथुन कालच ते बसवून पुण्याला परतला होता. घरातले सगळे एसी आता त्याच्या हुकमातले. खोलीखोलीत त्याची एकेक पांढरी डबी. माणूस असला की खोली गार करायची, नसला की एसी बंद. हा सगळा खर्च आजोबांसाठीच होता. गेल्या उन्हाळ्यात त्यांना ऊन लागलं, तेव्हा ते मरता मरता वाचले होते, आणि पुन्हा असं झालं तर काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर बोलले होते.

सूप खाली ठेवताना रेणूची नजर यंत्राच्या पडद्यावर गेली. तिसरा मजला, कुणी नाही. एसी बंद. तापमान एकोणचाळीस.

म्हातारा बाहेर पडला म्हणावं, तर दाराशी तीच बसलेली. मांजरसुद्धा तिला ओलांडून गेलं नव्हतं. म्हणजे मामा, तिचे सासरे, वरच होते. आणि यंत्र म्हणत होतं, कुणी नाही. मिथुन मोठ्या कौतुकानं म्हणाला होता, "जिवंत माणूस असला की त्याला बराबर कळतं, आई." काल गोड वाटलेलं ते बोलणं आता तिच्या पाठीतून गार सरकत गेलं.

तिनं खालूनच हाक मारली. पुन्हा मारली. वरून काहीच नाही.

दुखऱ्या गुडघ्यांना विसरून ती जिना चढली. मधल्या मजल्यावर मात्र थांबली, आणि ते दमून नव्हे. तिसऱ्यांदा चहा मागितला म्हणून सकाळीच ती मामांवर फणकारली होती. वर भलतंच काही दिसलं, तर ते फणकारणंच शेवटचं बोलणं म्हणून कायमचं राहणार, असं तिला वाटलं.

दार आणि खिडक्या, सगळं लावलेलं. दार ढकललं तशी भट्टीसारखी आच तोंडावर आली. म्हातारा कुशीवर, डोळे मिटून. तिनं पायाला हात लावला. पाय गरम होता, पण शेजारचा तांब्याही गरमच होता. त्या खोलीत हात लावून काही कळणारच नव्हतं.

मग अंगठा हलला.

"रेणू? मशीन बंद पडून लई येळ झाला गं."

"मंग दार का न्हाई उघडलं, मामा?"

"मिथुन म्हणला ना, उघडायचं न्हाई, गार हवा जाती. त्याला समदं कळतंय म्हणला. म्हटलं, करंल चालू."

तिनं दार-खिडक्या उघडल्या, त्यांच्या डोक्यावर ओला टॉवेल ठेवला, मीठसाखरेचं पाणी घोटघोट पाजलं. मग भिंतीकडे बघितलं. डबीच्या मधोमध एक काळं भिंग होतं. सकाळी पूजेची सुरुवात थोरल्यांच्या खोलीतून करताना, ते कपाळ समजून तिनं भिंगावरच ओलं कुंकू दाबलं होतं. मिक्सरला लावते, ट्रॅक्टरला लावते, तसंच. सुकून ते टणक झालं होतं.

तिनं पदर भिजवला आणि खरडून पुसलं. खिडक्या लावल्या, थोड्या वेळानं एसीच्या वाऱ्याचा आवाज आला.

म्हाताऱ्याला झोप लागली. रेणू त्याच्या छातीवर नजर लावून बसली. वर, खाली. वर, खाली. मोजताना चुकायला नको म्हणून स्वतः श्वासही जपून घेत होती. खोली गार होत गेली तरी ती हलली नाही.

एकाएकी वाऱ्याचा आवाज थांबला. ती आणि मामा इतके निश्चल होते, की यंत्रानं पुन्हा खोली रिकामी धरली होती.

एक हात म्हाताऱ्याच्या छातीवर ठेवून रेणूनं दुसरा वर केला, आणि भिंतीवरच्या त्या डोळ्याला बांगड्या हलवून दाखवल्या. आहोत रे बाबा. दोघंही आहोत.